सव्वाचार तास

"दिवसातून किती तास काम करता?" असं त्या साहेबानं मला माझ्याच सोप्यात, माझ्याच बायकोसमोर विचारलं, तिथंच सगळं बिघडलं. बायको समोर नसती तर मी सोळा सांगितले असते. ती होती म्हणून बारावर भागवलं. तरी चुलीपुढं बसलेली चिमणाबाई फुंकणी खाली ठेवून हसायला लागली.

"का हसतीस?"

"कुटं काय. धूर गेला नाकात."

साल शहात्तर. साहेब पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतून आला होता. घरातली पोरं किती राबतात, शाळेत किती जातात आणि त्याचा देशाच्या भरभराटीशी काय संबंध, याचा शोध चालला होता म्हणे. देशाची भरभराट आमच्या गोठ्यात हुडकायला आलेला हा पहिलाच माणूस. तसा गरीब होता बिचारा, पण तोंडी सांगितलेलं त्याला पटत नसे. चार दिवस तो गावात मुक्काम ठोकून राहिला आणि दर पाव तासाला कोण काय करतंय ते घड्याळ बघून लिहीत हिंडला. गावानं त्याचं नाव तासवाले साहेब ठेवलं.

जायच्या दिवशी आम्ही त्याला पारावर गाठला. आकडे सांगितल्याशिवाय सोडतोय कोण. त्यानं घाबरत वही उघडली.

"मुलं साडेसहा तास. बायका तेरा."

"आन् गडी?"

"सव्वाचार."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मीच म्हणालो, "सव्वाचार? आवो, मी दिसभर बांधावर हुतो की."

"हो केरबा, पण नुसते उभे होता."

"उभा म्हंजे इचार करत हुतो. शेती काय इचाराबिगर हुती व्हय?"

"ते मी विश्रांतीत धरलंय," साहेब म्हणाला. "पिराजीतात्यांचं तंबाखू मळणंही."

आमचा मौलाली शिंपी हुशार. त्यानं साहेबाला चहा पाजला आणि बोलता बोलता विचारलं, "नदीपलीकडच्या गड्यांचं किती भरलं म्हनायचं?" साहेबानं सांगायला नको होतं. पण चहा गोड होता.

"नऊ," तो म्हणाला.

सात वर्षांत जत्रेतली एक कुस्ती ज्यांना आमच्यावर मारता आली नाही, त्यांचे नऊ. आणि साहेब तीन महिन्यांनी पुन्हा मोजायला येणार होता. त्याच दिवशी तालमीत बैठक बसली. तास वाढले पाहिजेत यावर सगळ्यांचं एकमत होतं, पण आणायचे कुठून? ऊस उभा, शाळू हुरड्यात, रानात गड्यांजोगं काम नाही. शेवटी पिराजी मिशा चोळत म्हणाला, "काम हाय की. पोरांकडं हाय."

झालं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पोरांची कामं हिसकावून घेतली. माझी बनी तेव्हा दहा वर्षांची. शाळेच्या पटावर तिचं नाव होतं आणि आठवड्यातले चार दिवस ती शेळ्यांमागं असायची. मी काठी मागितली तर देईना. म्हणाली, "आबा, तुमच्या मागनं त्या यायच्या न्हाईत." खरंच आल्या नाहीत. उलट मीच त्यांच्या मागनं परक्याच्या वांग्यात गेलो आणि शिव्या खाऊन आलो. मौलालीनं थोरल्या पोरीकडून, नजीराकडून, काजं-बटणं काढून घेतली. पिराजीनं नातू कडेवर घेतला, तर दोन घरचे गडी त्याच्या दारात उभे, जरा अर्धा तास पोर आमच्याकडं द्या म्हणून. शेणी थापायला तर नंबर लावावा लागे. बायका उंबऱ्यात बसून बघायच्या. असला फुकटचा तमाशा त्यांनी जन्मात बघितला नव्हता.

मोकळी पोरं किती पिडतात हे त्याआधी आम्हाला ठाऊकच नव्हतं. सारखी पायात कडमडायची, म्हणून आम्ही त्यांना शाळेत हाकललं. मास्तरांना आठ पोरांची सवय. दारात एकदम त्रेचाळीस बघून त्यांना वाटलं, गावात साथ आली आणि पोरं टोचायला आणलीत.

दुसऱ्या खेपेला आमचे पावणेआठ भरले. पण पलीकडच्यांना कुणीतरी सांगितलं होतं, त्यांनीही शेळ्या धरल्या. त्यांचे दहा. आता माघार घेणं शक्यच नव्हतं. दोन वर्षं असंच चाललं.

बनी चौथीत पहिली आली. पाचवीला कुरुंदवाडला जावं लागणार होतं. ती रोज विचारायची, "आबा, साहेब पुन्ना येणार न्हवं?" ती का विचारते हे मला कळत होतं. मी चिमणाबाईला बजावून ठेवलं होतं, पाहणी संपली की शेळ्या परत बनीकडं आणि शाळा बंद. गुडघे दुखत होते माझे.

पुढच्या खेपेला साहेब आला तेव्हा मी माळावर होतो. घरी आलो तर तो निघून गेलेला.

चिमणाबाई म्हणाली, "आता कवा येणार त्ये सांगनार न्हाईत म्हनं. न कळवता येणार."

"म्हंजे कवा?"

"कवाबी. उद्या सकाळी सुदीक."

दिवस मावळायच्या आत गावभर झालं. त्यानंतर मी सहा वर्षं शेळ्या राखल्या. विजारीतला अनोळखी माणूस दिसला की पिराजी खराटा घेऊन गोठ्यात पळायचा. एकदा विम्याचा एजंट आला, तर त्याच्यादेखत चौघांनी मिळून एकच गोठा झाडला. तो पॉलिसी न विकताच गेला.

बनी दहावी पास झाली त्याच उन्हाळ्यात पोस्टानं एक जाड पुस्तक आलं. साहेबानं पाठवलेलं, सगळं इंग्रजी. बनी सोप्यात बसून बोट ठेवून वाचत होती आणि आम्हाला मराठीत सांगत होती.

"ह्या गावातल्या गड्यांनी पोरांची कामं सोताकडं घेतली, शिक्षनाचं महत्त्व पटलं म्हनून, असं लिवलंय."

"बराबर लिवलंय," मी म्हणालो.

"आन् पाहणी अठ्ठ्याहत्तरच्या मे म्हयन्यात संपली."

मी चिमणाबाईकडं बघितलं. ती भाकरी थापत होती.

"सा वर्सं?" मी म्हणालो.

"साहेबांनी तवाच सांगितलं हुतं. समद्यास्नी सांगा म्हनलं हुतं."

"मग?"

"मी इसरले की."

मला राग आला. सहा वर्षं, दोन पावसाळी न्युमोनिया आणि वांगीवाल्याच्या शिव्या. पण समोर माझी पोरगी इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती, आणि तो राग कुठं ठेवावा तेच मला कळेना.

तेवढ्यात मौलाली दारात आला. "केरबा, साहेबाचं कायतरी आलंय म्हनं पोस्टानं?"

चिमणाबाईचा हात थांबला. मौलालीची धाकटी रोशन चौथीत होती. गेल्याच आठवड्यात तो मला म्हणाला होता, साहेब काय आता येत न्हाय, डोळं थकलं माजं, रोशनला काजांवर बसवतो.

मी पुस्तक घोंगड्याखाली सारलं.

"पत्र हाय," मी म्हणालो. "पलीकडच्यांचं अकरा झालं म्हनं."

मौलाली पांढराफटक पडला. "अकरा?"

"आन् साहेब ह्या म्हयन्यात कवाबी टपकंल."

"मग हितं बसून काय करतोईस? शेळ्या सोड की," असं म्हणून तो मशीनकडं पळाला.

मी गुडघ्यावर हात ठेवून उठलो आणि शेळ्या सोडल्या.