उमरीचा थांबा

उद्धवराव मास्तर शाळेतून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली होती, तरी ते रोज सकाळी कोट-टोपी घालून घराबाहेर पडत. जात ते नांदेडच्या सरकारी दवाखान्यात. तिथले डॉक्टर हैदराबादचे, उर्दू बोलणारे, आणि रोगी खेड्यापाड्यांतले. बाजारापुरती उर्दू सगळ्यांना येई. पण दुखण्याची उर्दू वेगळी असते. ती मास्तरांनी मराठीत सांगायची, असा आपोआप पायंडा पडला होता.

सांगताना मात्र त्यांची एक खोड होती. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते "असं डॉक्टर म्हणतात" एवढं जोडत. न जाणो, आपल्या तोंडून काही चुकीचं जायचं.

"जेवायला बसा, असं मी म्हणते," त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई ताट वाढताना त्यांना चिडवत. मास्तर खाली मान घालून हसत.

त्या वर्षी ज्वारीची काढणी सुरू असताना उमरीजवळच्या खेड्यातून किशनराव आणि चतुराबाई आपल्या मुलीला घेऊन आले. सिंधु तीन वर्षांची. दिव्यापाशी बसली की तिचा डावा डोळा मांजरासारखा पांढरा चमकतो, हे चतुराबाईनं प्रथम पाहिलं होतं. डॉक्टरांनी डोळा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि खुर्ची मास्तरांकडे वळवली.

डोळ्यात गाठ होती. कॅन्सरची. डोळा काढायचा, आणि तोही लगेच, हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात. म्हणजे पोर वाचेल. नाहीतर गाठ डोक्यात शिरेल.

मास्तरांनी सगळं सांगितलं. चतुराबाईनं एकच विचारलं, "डोळा काढल्यावर वाचंल न्हवं?"

"वाचेल, असं डॉक्टर म्हणतात."

"तुमास्नी काय वाटतंय, मास्तर?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "मी काय सांगणार, बाई. डॉक्टर म्हणतात तर वाचेल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत त्यांनीच तिघांना बसवून दिलं. डॉक्टरांची चिठ्ठी किशनरावाच्या बंडीच्या आतल्या खिशात घातली. चंद्रप्रभाबाईंनी दशम्या बांधून दिल्या होत्या. आणि आदल्या दिवशी मास्तरांना आणखी एक गोष्ट सुचली होती, तिचं त्यांना मनातून फार समाधान वाटत होतं. हैदराबादची गाडी उमरीवरूनच जाते. इंजिनात पाणी भरायला तिथं चांगली दहा मिनिटं थांबते. परक्या गावी पोरीला घेऊन जायचं, तर घरच्या माणसांची भेट झाली म्हणजे आईबापाला धीर येईल. म्हणून उमरीला निघालेल्या एका व्यापाऱ्याच्या हाती त्यांनी किशनरावाच्या घरी निरोप पाठवला होता: अमुक गाडीला फलाटावर या.

"तुमी तर समदंच बघितलं, मास्तर," किशनराव खिडकीतून हात जोडून म्हणाला. "माझं तर गाडीत बसलं की पोट ढवळतंय. हिचं बघू का माझं?"

"तुमचं पोट ऱ्हाऊ द्या," चतुराबाई म्हणाली, तशी सिंधुही हसली.

त्यानंतर चार महिने काही कळलं नाही. बातमी नाही म्हणजे सगळं ठीक असेल, असं मास्तर स्वतःला सांगत. मग एका सकाळी दवाखान्याच्या ओसरीवर ती तिघं बसलेली दिसली. सिंधुच्या डाव्या डोळ्यावर चतुराबाईनं पदर धरला होता. पदर बाजूला झाला. तिथं डोळा नव्हता, नुसता लाल गोळा बाहेर आला होता. कानाखालीही गाठी होत्या.

"हैदराबादला काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

किशनराव जमिनीकडे बघत म्हणाला, "गेलोच न्हाई."

मास्तरांचा निरोप मिळून उमरीच्या फलाटावर सगळं घर आलं होतं. किशनरावाच्या म्हाताऱ्या आईनं पोरीला मुका घ्यायला म्हणून खाली घेतलं, ते परत दिलंच नाही. डोळा काढून पोरगी कुणाच्या घरी द्यायची, म्हणाली. पाल्याचा रस घालू, देवीपुढं बसवू. किशनरावानं डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली.

"तिनं इचारलं, वाचंलच असं कोन म्हनलं? म्या म्हनलं, मास्तर म्हनले की डॉक्टर म्हनतात. तर म्हातारी म्हनली, म्हंजी मास्तरला बी ठावं न्हाई. तेवढ्यात शिट्टी झाली. गाडी गेली."

डॉक्टरांनी सिंधुला तपासलं तेव्हा त्यांचे हात नेहमीपेक्षा हळू चालत होते. मग ते मास्तरांना हलक्या आवाजात म्हणाले, "मास्टरसाब, अब कुछ नहीं हो सकता। घर ले जाने दो। बच्ची को और मत फिराओ।" दुखणं कमी करायला त्यांनी एक औषध लिहून दिलं.

मास्तर बाहेर आले. नवराबायको उभी राहिली.

"ह्या बारीला जातो हैदराबादला," किशनराव म्हणाला. "म्हातारीचं बी ऐकनार न्हाई. डोळा काढू द्या. तुमी डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी घेऊन द्या."

यावर सांगायचं एकच वाक्य होतं, आणि त्याला "असं डॉक्टर म्हणतात" जोडायलाही हरकत नव्हती. मास्तरांनी ओठ उघडले. "हे औषध... दुखलं की द्यायचं," एवढंच बाहेर पडलं. आता उपाय नाही, हे सांगायचं राहूनच गेलं. मग, आपण हे काय बोलतोय ते कळायच्या आत ते म्हणाले, "मी येतो बरोबर."

गाडीत सिंधु आईच्या मांडीवर होती. औषधानं तिला गुंगी आली होती. मुदखेड गेलं. प्रत्येक स्टेशनाला मास्तर मनाशी म्हणत, आता सांगतो. आणि प्रत्येक स्टेशन मागे पडे.

उमरीला गाडी थांबली. फलाटावर कुणी नव्हतं. एक हमाल पोत्यावर बसून विडी ओढत होता, तेवढाच. इंजिन पाण्याकडे गेलं.

सिंधु जागी झाली. उजव्या डोळ्यानं खिडकीतून बघत म्हणाली, "आये, आपलं गाव आलं. उतरू."

मास्तर उठले. खिडकीची सळई धरून ते चतुराबाईकडे वळले. उतरा बाई, घरी जा, तिला आजीच्या मांडीवर राहू द्या. सगळं ओठांवर आलं होतं. त्यांचा चेहरा पाहून चतुराबाईलाच त्यांची कीव आली असावी.

"बसा, मास्तर," ती समजुतीनं म्हणाली. "घाबरू नका. ह्या बारीला आमी उतरत न्हाई."

तिनं पोरीचा हात खिडकीपासून आत घेतला. मास्तर बसले. इंजिन परत येऊन जोडलं गेल्याचा धक्का बसला, शिट्टी झाली.

"उतरू की," सिंधु पुन्हा म्हणाली.