उजवा बूट

एन्सिओने गुडघा टेकला, मेर्वीचा डावा पाय मोजपट्टीवर ठेवला आणि मनातल्या मनात हिशेब मांडला. सौदा जमला तर तीन हिवाळे खोक्यात पडून राहिलेली फिगर स्केटची पांढरी जोडी एकदाची हलणार होती. शिवाय मेर्वी शाळेची टॅक्सी चालवायची. तिला तळ्याकाठच्या वाड्यांवरची सगळी घरं माहीत. एक पाय नीट बसवून दिला की वीस घरांत नाव निघणार. एन्सिओची नात हिल्लाही त्याच टॅक्सीतून शाळेत येई, आणखी चार पोरांबरोबर.

मेर्वीच्या फायद्याचा मात्र त्याला अंदाज येत नव्हता. आरोग्य केंद्रातली नर्स साखर वाढल्याचं सांगून तिच्या मागे लागली आहे, म्हणून एक्कावन्नाव्या वर्षी तिने नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं, हे तिने दारातच सांगून टाकलं होतं. पण नर्सच्या समाधानासाठी माणूस चालायला जातो, फार तर पोहायला. दोनशे नव्वद युरोंचे बूट घेत नाही.

"सगळं वजन द्या पायावर. लाजू नका."

"पट्टी मोडेल, मास्तर."

"हॉकीवाले उभे राहून गेलेत तिच्यावर. तुमचं काय घेऊन बसलात!"

मेर्वीबरोबर सिर्पा आली होती. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि मैत्रिणीच्या पायांवर तिचा पिढीजात हक्क असावा अशी बोलायची. तिने पिशवीतून करड्या लोकरीचे जाड मोजे काढले.

"हे घाल आधी. माझ्या आईने विणलेत."

"ते पिशवीतच राहू द्या," एन्सिओ म्हणाला.

"अहो, बर्फावर जायचंय तिला, लग्नाला नाही."

"दोन नंबर मोठा बूट आणि आत लोकर! आपल्या अर्ध्या इसाल्मी गावाचे घोटे त्यानेच वाकडे झालेत. थोरल्या भावाचे बूट घालायचे, आजीचे मोजे कोंबायचे, आणि पडलं की म्हणायचं, बर्फ निसरडा आहे."

"निसरडाच असतो बर्फ."

एन्सिओला हसू आलं. त्याने डाव्या बुटाच्या टोकातला कागदाचा बोळा काढून फेकला, मेर्वीच्या पायात पातळ मोजा चढवला आणि बूट बसवला. नाडी बोटांवर सैल, घोट्याशी घट्ट. सिर्पा अजून लोकरीची बाजू लढवत होती. तिला उत्तरं देत देत त्याने उजवाही बांधला.

"उभ्या राहा. डावीकडे बोटं कुठे आहेत?"

"पुढे टेकतायत. अंगठा जरा दबतोय."

"गुडघे वाकवा."

"हां, आता सुटला."

"टाच उचलतेय?"

"नाही. पण घोट्यावर चांगलंच आवळतंय हो."

"आवळू द्या. दोन आठवड्यांत सैल होईल. आणि उजवा?"

"उजवा झकास. घातलाय असं वाटतही नाही."

गिऱ्हाइकाचं असं वाक्य ऐकून दुकानदाराने खूश व्हावं. एन्सिओ झाला नाही. चाळीस वर्षांत त्याने एक गोष्ट पाहिली होती: नवा बूट कुरकुर करतोच. त्याने तिला दहा मिनिटं रबराच्या चटईवर चालायला लावलं. ती चालली. उजवं पाऊल टाकताना दर वेळी खाली बघून चालली. तेवढ्यात सिर्पाचा फोन वाजला आणि ती नवऱ्यावर ओरडत बाहेर गेली.

एन्सिओने आधी उजवा बूट उतरवला आणि सवयीने आत हात घातला.

टोकात कागदाचा बोळा होता. आत ठेवला होता तेव्हा अंड्याएवढा असेल. आता चेपून चपटा झाला होता आणि त्यावर पाच बोटांच्या खळग्या उमटल्या होत्या. मोज्याच्या टोकाला मसुरीच्या दाण्याएवढा लाल ठिपका होता.

"चूक माझी," तो म्हणाला. "काढायचा राहिला. पण तुम्ही बोलला कशा नाहीत?"

मेर्वीने ठिपक्याकडे पाहिलं. दुसऱ्याच्या पायाकडे पाहावं तसं.

त्याने मोजा उतरवला. करंगळीजवळच्या बोटाला शेजारच्या नखाने कापलं होतं. त्याने करंगळी चिमटीत धरली.

"काय करतोय मी?"

तिने खाली बघितलं. "चिमटा काढताय."

"तसं नाही. वर बघा, त्या नाड्यांकडे. आता?"

ती नाड्यांकडे बघत राहिली. त्याने नख रुतवलं, सोडलं, पुन्हा रुतवलं.

"काढलात का?" तिने विचारलं.

त्याने करंगळी सोडली.

"कधीपासून?"

"ऑगस्ट. सॉनामध्ये तळव्याला भाजलं, ते सकाळी चादरीला डाग दिसला तेव्हा कळलं."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"डॉक्टर लिहून ठेवतात हो. एकदा लिहिलं की लायसन गेलं, आणि लायसन गेलं की मी या वयात कुठे जाऊ? सिर्पाच्या हाताखाली बटाटे सोलायला?"

"उजवा पाय आहे, मेर्वी. ब्रेकचा."

"गाडीच्या आवाजावरून कळतं मला. एकवीस वर्षं त्याच रस्त्यावर आहे." तिने मोजा त्याच्या हातातून घेतला आणि डोळ्यांनी बघत बघत, एकेक बोट तपासत चढवला. "म्हणून तर हे बूट. बर्फावर उभं राहता आलं, तर पाय अजून माझा आहे म्हणायचं."

"आणि पडलात तर?"

"तिथे पडले तर एकटीच पडेन."

मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "मेअखेरपर्यंत, मास्तर. शाळा सुटेपर्यंत. मग मीच जाते डॉक्टरांकडे."

दार उघडलं. थंडीचा लोट आणि सिर्पा एकदमच आत आले.

"काय, बसला का सिंड्रेलाचा बूट?"

मेर्वीने मान वर केली नाही. एन्सिओच्या मुठीत कागद होता. आमच्याकडे शेजाऱ्याच्या अंगणातला बर्फ कोणी न विचारता उपसत नाही. माणूस मोठा आहे, त्याचं तो बघेल, असं म्हणून आम्ही आपापलं दार लावून घेतो आणि त्याला सभ्यपणा म्हणतो. एन्सिओ सभ्य माणूस होता.

"बसला," तो म्हणाला आणि कागद खिशात घातला.

खोटंही नव्हतं ते. कागदावाचून बूट अगदी मापात होता. त्याने बिल केलं, पात्यांना फुकट धार लावून दिली आणि बरणीतली साल्मियाकची काळी खारट गोळी दोघींच्या हातावर ठेवली. निरोप देताना तो एवढंच म्हणाला, "प्रत्येक वेळी बूट काढलात की पाय बघायचा. पायाला विचारत बसू नका."

"ऐकलंस का?" सिर्पा मेर्वीला कोपराने ढोसत म्हणाली. "मास्तर आता पायही बघायला लागले."

संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्याने सुनेला फोन लावला.

"काइसा, उद्यापासून हिल्लाला मी नेत-आणत जाईन."

"का हो, बाबा? टॅक्सी येते की दारात."

"मला पहाटे झोप लागत नाही. तेवढाच फेरफटका."

"रोज इथवर एकवीस किलोमीटर यायचं, परत जायचं, आणि दुपारी पुन्हा? दुकानाचं काय?"

"दुपारी दोन तास बंद ठेवीन. गिऱ्हाईक थांबतं."

"टॅक्सीत काही झालंय का? मेर्वी काही बोलली का पोरीला?"

"नाही गं. मेर्वी चांगली आहे."

काइसा हसली. म्हातारपणी नातीची माया सुटलीय, असं नवऱ्याला सांगायला तिला छान विषय मिळाला.

सकाळी साडेसातला अजून काळोख होता. रात्री पाऊस पडून गोठला होता. रस्ता काचेसारखा चमकत होता. चर्चच्या वळणाआधी मेर्वीची टॅक्सी मागून आली, सवयीच्या वेगाने एन्सिओच्या गाडीच्या बाजूने पुढे गेली. मागच्या काचेतून दोन पोरांनी हिल्लाला हात केला. हिल्लाने उलट हात केला. एन्सिओने वेग कमी केला आणि टॅक्सीचे लाल दिवे बरेच लांब जाऊ दिले.

मेर्वीने बुटांचे सगळे पैसे चुकते केले होते. एन्सिओ रोज चौऱ्याऐंशी किलोमीटरचं डिझेल आणि दुकानाचे दोन तास भरत होता, कुरकुर न करता. पुढच्या गाडीतल्या चौघांकडून अजून कोणी काही मागितलं नव्हतं.