निवडलेले

सोमवारी सकाळी दहा वाजता अख्खं गाव तांदळाएवढं झालं आणि उत्क्रांती खात्याच्या परातीत येऊन पडलं. निवडायला म्हणून भागीरथी नलवडे, म्हणजे शाळेत खिचडी रांधणाऱ्या भागूमावशी, तेवढ्या मोठ्या ठेवल्या होत्या. त्यात नवल काहीच नव्हतं. असा हात साऱ्या तालुक्यात नव्हता. तीस वर्षांत एकाही पोराच्या दाताखाली खडा आला नाही.

अधिकारी देवचक्के यांनी हुकूम वाचला. "निवडलेले वाटीत टाकावेत. वाटी पुढच्या शतकात जाईल. परातीत उरेल ते कोंबड्यांना."

मावशींनी चष्मा लावला. परातीतून बारीक खोकला आला. तो त्यांच्या नवऱ्याचा, दौलतरावांचा. हा दम्याचा खोकला त्या हजारात ओळखत. पण हात थांबला नाही. त्यांनी दौलतरावांना चिमटीत धरलं आणि वाटीत टाकलं.

"अहो बाई, हा तर दमेकरी! चांगले निवडायचे!"

"चांगलं कोण निवडतं, साहेब? निवडायचा तो खडा. तांदूळ राहतो परातीत."

देवचक्क्यांनी हुकूम पुन्हा वाचला. त्यात नुसतं 'निवडलेले' होतं, आणि हुकुमातला शब्द बदलायचा अधिकार त्यांना नव्हता.

मावशी भराभर निवडू लागल्या. लंगडी शेवंता गेली, तोतरे गुरुजी गेले, वाटी भरत चालली. मग हाताला लागला पैलवान मारुती धुमाळ. नखात रोग नाही. मावशींनी त्याला उलटापालटा करून पाहिलं. असा धडधाकट गडी कोंबडीच्या चोचीत द्यायचा, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले.

"सांग की रे काहीतरी," त्या पुटपुटल्या.

"पालीला भितो मी, मावशी."

"मग आधी नाही का सांगायचं!" आणि मारुती वाटीत.

त्यानंतर कुणाला विचारावं लागलं नाही. जो तो आपली खोट ओरडून सांगू लागला आणि बाराच्या आत परात लख्ख झाली. काय ती बाई! एवढ्या गावात तिनं एकही माणूस बिनखोट राहू दिला नाही.

"परात रिकामी कशी?" देवचक्के हादरले. "हुकुमात 'उरेल ते' म्हटलंय. काहीतरी उरलंच पाहिजे."

"तुमच्यात काही खोट, साहेब?"

"माझ्यात? मुळीच नाही," देवचक्के सवयीनं म्हणाले.

आता परातीच्या मधोमध तांदळाएवढे होऊन ते उभे होते. बोटांवर मोजत ते एकामागून एक काहीतरी सांगत होते. मावशी वाकल्या, कान अगदी परातीला लावला. वाटीतलं अख्खं गाव तेव्हा आपापली खोट सांगत होतं, आणि त्या गलक्यात त्यांना एक अक्षर ऐकू येईना.