बेटावरचं झुडूप

लेकीनं सोललेल्या लसणाची ताटली बाजूला सारली आणि जेवणाच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी पसरले. दोन्हींवर जनुक-तपासणीच्या रंगीत पट्ट्या होत्या, अगदी हुबेहूब.

"बाबा, हे आपल्या खाडीतलं झुडूप आणि हे बेटावरचं. सख्खी भावंडं आहेत."

बाबांचा उभा जन्म टपालाची होडी चालवण्यात गेलेला. कागदापेक्षा पाण्यावर त्यांचा भरवसा जास्त. पण ही जाड, खारट पानं गोळा करायला गुडघे कुरकुरत असतानाही चार वर्षं ते लेकीबरोबर खडकाखडकांतून हिंडले होते. बेटावर तेवढे उतरले नाहीत. पाठ धरलीय म्हणाले आणि होडीतच बसून राहिले.

"मधल्या चौदा ठिकाणची झुडपं निराळी निघाली. बेटासमोरच्या किनाऱ्यावरची तर पार परकी. म्हणजे दोनतीनशे वर्षांपूर्वी समुद्राचा प्रवाह फिरला असणार आणि बिया आपल्याकडून थेट बेटावर गेल्या. हे आजवर कुणीच म्हटलेलं नाही."

पोरगी नुसती फुलून आली होती. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण यावरच उभं होतं आणि ते मार्गदर्शक सरांना दुपारपर्यंत हवं होतं.

बाबा सोललेलीच पाकळी पुन्हा सोलू लागले.

"पाठवलंस का ते?"

"आता पाठवतेय."

"जरा थांब." त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला. "तुझी आई बेटावर नर्स होती ना, तेव्हा एकदा म्हणाली, इथं डोळ्याला हिरवं म्हणून काही नाही. मग मी दर फेरीला नेत गेलो. रंगाच्या रिकाम्या डब्यात एकेक रोप."

लेक खुर्चीत बसली.

"किती?"

"अकरा. अकराव्याला ती हो म्हणाली."

चार वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं होतं, आणि तिला रडावं की या म्हाताऱ्याचा गालगुच्चा घ्यावा हेच कळेना.

"आधी नाही का सांगायचं, बाबा?"

"मला काय ठाऊक ती जगली असतील? तुझी आई तर म्हणते..."

"सगळी समुद्रात फेकली," आई आतून म्हणाली. "सरळ खिडकीतून. टपालाचा माणूस, पण कधी एक चिठ्ठी म्हणून लिहिली नाही. रोपटी आणत बसला."

बाबा ओशाळून हसले. तीस वर्षं ते हेच ऐकत आले होते आणि त्यांना ते पटलेलंही होतं.

लेकीनं सरांना फोन लावला. प्रवाहाचं काही खरं नाही, झुडपं माणसानं नेलीत, असं एका दमात सांगून टाकलं. सर रागावले नाहीत. सांगोवांगी चालणार नाही, लावल्याचा पुरावा दे, एवढंच म्हणाले.

तिनं बेटावरच्या मोजणीची वही काढली. पानं उलटता उलटता एका नकाशावर तिचा हात थबकला. दवाखान्यामागे, वाऱ्याच्या आडोशाला, अकरा जुनी खोडं. एका ओळीत, हात-हात अंतरावर. बाजूला तिनंच लिहिलं होतं : खडकाची भेग असावी.

तिनं वही बाबांपुढे सरकवली.

बाबांनी बोट ठेवून खोडं मोजली. पुन्हा मोजली. मग चष्मा पुसायला म्हणून उठले, आणि चष्मा टेबलावरच ठेवून स्वयंपाकघरात गेले.