सतरा नंबरच्या खेपा

सलोनीच्या पोटाची रोज चौकशी करणारी व्यक्ती जगात एकच होती, आणि ती पगारी होती.

अनुजाताई. परळच्या एका हॉस्पिटलात आतड्यांना सूज येणाऱ्या मुलांवर नव्या औषधाची चाचणी चालली होती. तेरा वर्षांची सलोनी त्यातली सतरा नंबरची. रोज संध्याकाळी सहाला फोन. पोट किती दुखलं, शून्य ते दहा? संडासला किती वेळा? रक्त? उत्तरं डायरीतही लिहायची. मग दोन मिनिटं अवांतर गप्पा. तेवढी सोडली तर भोईवाड्याच्या खोलीत दिवसभर फक्त पंखा बोलायचा. आई, मालन, हिंदमाताला साड्यांच्या दुकानात उभी असायची. मैत्रिणी आधी यायच्या, मग "तुला चालतं तरी काय खायला?" विचारून विचारून थकल्या.

आठव्या आठवड्यात औषध लागू पडलं. संडासच्या दहा खेपांची दिवसाला एक झाली.

"क्या बात है!" अनुजाताई म्हणाल्या. "असंच राहिलं ना, तर बाराव्या आठवड्यानंतर रोजचा फोन बंद. महिन्यातून एकदाच."

बरं होण्याचा हा तोटा कोणी सांगितलाच नव्हता. संमतीच्या कागदावर उलटी, ताप, पुरळ सगळं होतं; हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, "चार."

आता चार म्हटल्यावर चार वेळा जाणं आलं. मजल्यावरच्या चार खोल्यांत मिळून एक संडास, त्याची एकच चावी, आणि ती रघुवीरकाकांच्या दाराबाहेरच्या खिळ्यावर. काका एकटे, दिवसभर खुर्ची टाकून खिळ्याखालीच; कोणाच्या किती खेपा, हे ते आईलाही सांगायचे. म्हणून सलोनी चार वेळा चावी घ्यायची, आत उभ्याउभ्या इतिहासाच्या सनावळ्या पाठ करायची आणि चावी परत लावायची.

"गो, परत वाढला?"

"थोडं, काका."

"सावकाश हां. मी बघतंय कोण येता ता."

नऊ दिवसांत सनावळ्या संपल्या. दहाव्या दिवशी अनुजाताईंचा आवाज दमलेला होता. "औषध चालत नाहीये गं. बुधवारी डॉक्टर तुला चाचणीतून काढतील, दुसरं सुरू करतील. तुमच्या डायऱ्यांवरूनच ठरणार होतं, बाकीच्या मुलांना हे द्यायचं की नाही. असो."

सलोनीने पोटावर हात ठेवला. दोन वर्षांनी ते गप्प बसायला शिकलं होतं.

"ताई, एक."

"काय एक?"

"रोज एकच. चार खोटं होतं."

"अगं, पण का?"

याचं उत्तर शून्य ते दहामध्ये बसेना.

डायरीत खोडायचं नसतं. प्रत्येक चारावर एकच रेघ, खालचं खोटं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरा आकडा, तारीख, सही. नऊ वेळा. आईनेही सह्या केल्या आणि ती कुकर लावायला उठली.

औषध चालू राहिलं. बारावा आठवडा उलटला. सहा वाजले, फोन वाजला नाही. सव्वासहाला सलोनी गॅलरीत आली.

"चावी हल्ली एकदाच नेतंस गो," काका म्हणाले. "बरी झालंस."

"हो."

"बरा झाला." त्यांनी खिळ्यावरची चावी बोटाने हलवली. "चार वेळा येय होतंस. तेवढाच बोलणा व्हायचा." मग खालच्या आवाजात, "एकदा उगाच घेऊन जा ना."

सलोनीने चावी काढली, आत जाऊन कडी लावली आणि शंभरपर्यंत मोजायला लागली.

"सावकाश हां," बाहेरून आवाज आला. "मी बसलंय."