चादरींची ऊब

खोटं बोलत असेन तर उरलेले चार दातही आत्ताच्या आत्ता पडोत! शब्द न् शब्द खरा आहे.

माझ्या लेकीचं बाळ आठव्या महिन्यातच आलं. एवढंसं, मुठीएवढं. दवाखान्यात काचेच्या उबदार पेटीत ठेवलेलं. आणि त्या दवाखान्याची वीज, पंखे, हवेच्या झडपा सांभाळणारा प्रोग्रॅम कोणी लिहिलेला? आमच्या सूनबाईनं, म्हणजे बाळाच्या मामीनं.

आधी ती नुसते नियम लिहीत बसायची. असं झालं तर असं कर, तसं झालं तर तसं. मी म्हटलं, "अगं, संकट काय तुला विचारून येणार आहे? त्याला एवढंच सांग, काय कमी पडता कामा नये. बाकी म्हणावं, तुझं तू भागव!"

तिनं नियम पुसले. पेट्या गार पडू द्यायच्या नाहीत. बाकी हाताशी असेल त्यात भागव. बस्स.

आणि भर दुपारी वीज गेली. जनरेटर खोकायला लागला. प्रोग्रॅमनं लिफ्ट खाली आणून थांबवली, मग मोठ्या डॉक्टरांचा एसी बंद केला. डॉक्टर घाम पुसत आले.

"बंद करा हे थेर! माणसं बघून घेतील."

"थोडं थांबा ना, डॉक्टर," सूनबाई म्हणाली.

तेवढ्यात जनरेटरनं मानच टाकली. पेट्यांचे दिवे विझले. लेकीनं माझं मनगट असं आवळलं म्हणून सांगू!

मग छतात खडखडलं. एकामागून एक झडपा उघडल्या आणि ऊन ऊन वारा आत आला. धुतलेल्या चादरींचा वास! खाली लाँड्रीत कपडे वाळवायची यंत्रं अजून तापलेली होती. उरल्यासुरल्या बॅटरीवर एक पंखा फिरवून प्रोग्रॅमनं त्यांची ऊब चार मजले वर ओढली होती.

"हे तू शिकवलंस त्याला?"

"नाही हो आई. लाँड्री माझ्या डोक्यातही नव्हती." लेक बाळाकडे बघत होती ना, अगदी तशी ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होती.

डॉक्टर काचेवर हात ठेवून उभे राहिले, वीज येईपर्यंत. बाळानं जांभई दिली.

तो पठ्ठ्या आता घरभर धुडगूस घालतो, आणि चादरी वाळत घातल्या की त्यांच्यात तोंड खुपसतो.

बरं, दात शाबूत राहावेत म्हणून एक कबूल करते. 'भागव' मी नाही सुचवलं, तिचं तिलाच सुचलं. पण गोष्ट मी सांगायची आणि मीच तिच्यात नाही? मग भागवलं!