भोंग्याचे पंधरा सेकंद

डोंगरावरून चिखल-दगडांचा लोंढा येतो तेव्हा आधी जमीन थरथरते. घळीत पुरलेली आमची यंत्रं ती थरथर टिपतात आणि खालच्या वस्तीत भोंगा वाजवतात. किती सेकंद थरथरल्यावर वाजवायचा, हे मी ठरवायचे. आधी पाच होते.

पण शेळ्यांच्या कळपानेही पाच सेकंद जमीन थरथरते. महिन्यात चारदा भोंगा वाजला आणि चारही वेळा वस्ती उगाच धावली. सगळ्यात जास्त तोंड माझ्या दादाचं. घळीच्या अगदी तोंडाशी त्याची लाकूड कापायची गिरणी.

"शहाणे, तुझं यंत्र शेळीला घाबरतं," तो म्हणाला. "पाचव्यांदा असं झालं तर कुणी जागचं हलणार नाही. मीसुद्धा नाही."

म्हणणं खोटं नव्हतं. मी पाचाचे वीस केले. भोंगा गप्प झाला आणि मी स्वतःवर खूश.

मंगळवारी दुपारी लोंढा आला. विसाव्या सेकंदाला भोंगा वाजला. वस्ती जरा लांब, ती वाचली. दादा गेला.

तीन दिवस आई त्याच्यावर चिडलेली. भेटायला येईल त्याला सांगायची, "पोरीनं भोंगा लावून दिला, तो वाजलाही. पण हा कुणाचं ऐकेल तर शपथ. पालथ्या घड्यावर पाणी." बोलता बोलता त्याचे शर्ट झटकून घड्या घालायची. लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे आणि मी मिठाची गुळणी धरून बसायचे. भित्री आहे मी, दुसरं काय.

चौथ्या दिवशी लोंढा कुठवर आला ते मोजायला गेले. कामच ते माझं. गिरणीमागून वरच्या रस्त्याला बावीस पायऱ्या जातात. दादा खालून चौदाव्या पायरीवर सापडला होता, ती जागा तिथल्या माणसांनी मला दाखवली. मी टेप गुंडाळली आणि तशीच घरी आले.

"आई, तो पळाला होता. भोंगा वाजल्याबरोबर पळाला. भोंगाच उशिरा वाजला, पंधरा सेकंद. ते मी वाढवले होते."

आईने हातातला शर्ट खाली ठेवला.

"म्हणजे ऐकलं त्यानं," ती म्हणाली.

"हो."

इतके दिवस ती रागाच्या जोरावर उभी होती. आता भिंतीला टेकून खाली बसली आणि लेकाला हाका मारत रडायला लागली. मी जवळ गेले. तिने माझा हात बाजूला केला.